दीड महिन्याचे बिऱ्हाड व आपले कर्तव्य

पोरास कॉलेजात घातले, फी भरली, पुस्तके घेतली, की आईबापांचे काम झाले, अशी समजूत आपल्या शेतकरी व कारागीर घरांत अजून आहे. फीचा विषय चावडीवर निघतो, देवळाच्या पारावर निघतो. सोसायटीचे कर्ज काढावे की म्हैस विकावी याचा खल होतो. परंतु पोराने शिकत असताना राहावे कोठे, याचा खल कोणी करीत नाही. ‘राहील कोठेतरी’ एवढ्यावर तो विषय मिटतो. हे ‘कोठेतरी’ आपल्या पोरांस किती महाग पडते, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून आज हा लेख लिहिला आहे. उदाहरण एकाच विद्येचे घेतो, ती म्हणजे फिजिओथेरपी. कारण या विद्येचा आपल्या घरांशी जितका निकट संबंध आहे, तितका फार थोड्या विद्यांचा असेल.

फिजिओथेरपी म्हणजे मालीश नव्हे, आणि विजेच्या यंत्राचा शेकही नव्हे. दुखावलेले, आखडलेले, लुळे पडलेले शरीर व्यायामाने, हाताच्या कौशल्याने व साधनांच्या मदतीने पुन्हा कामास लावण्याची ही विद्या आहे. ज्याचे पोट त्याच्या शरीरावर चालते, त्यास तिची गरज सर्वांआधी. उसाच्या मोळ्या उचलून ज्याची कंबर गेली तो तोडणीवाला, भात लावून जिचे गुडघे गेले ती बाई, कडबाकुट्टीत ज्याची बोटे गेली तो गडी, ऐन पन्नाशीत लकवा मारून ज्याचा उजवा हात पडला तो लोहार, यांना गोळी देऊन घरी पाठविले म्हणजे भागत नाही. कारकुनाचा खांदा आखडला तर त्याची लेखणी चालते. कुंभाराचा खांदा आखडला तर चाक थांबते व चूलही थांबते.

ही विद्या आपल्या देशात आली तीही गोरगरिबांच्या लेकरांच्या दुःखातून. १९५० च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ पसरली व शेकडो मुले पांगळी झाली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची देशातील पहिली शाळा निघाली. पुढे १९५५ साली हाजी अलीस शारीरिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, परंतु या विद्येचे काम संपले नाही. लकवा आहे, अपघात आहेत, जन्मतः मेंदूस इजा झालेली बालके आहेत. ज्या तालुक्यात पाच-पंचवीस दवाखाने आहेत, तेथेही चांगला फिजिओथेरपिस्ट शोधावा लागतो. शहरात वाढलेला मुलगा तालुक्याच्या गावी येऊन बसेल, ही आशा थोडी. येईल तर आपल्यातलाच येईल. म्हणून आपली मुले या विद्येत नीट तयार होणे हा केवळ त्यांच्या नोकरीचा प्रश्न नाही, आपल्या कंबरेचा व गुडघ्याचाही आहे.

आता ही तयारी कशी होते ते पाहा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आजवरची रीत अशी की, चार वर्षांचे शिक्षण व त्यापुढे सहा महिन्यांची अंतर्वासिता, म्हणजे ज्यास सर्व लोक इंटर्नशिप म्हणतात ती. शिक्षण चालू असतानाही विद्यार्थ्यास रुग्णांच्या खाटेपाशी काम शिकावे लागते. ज्या कॉलेजास स्वतःचे मोठे रुग्णालय आहे तेथे हे घरच्या घरी भागते. जेथे ते नाही, किंवा असूनही त्यात सर्व प्रकारचे रुग्ण येत नाहीत, तेथील मुलांस दुसऱ्या गावी जावे लागते. कोठे हाडांच्या विभागात महिनाभर, कोठे मेंदूच्या विकारांच्या विभागात दीड महिना, कोठे मतिमंद व अपंग बालकांच्या संस्थेत काही आठवडे, कोठे खेड्यातील आरोग्य केंद्रात.

हे काम पुस्तकात का शिकता येत नाही, असे कोणी विचारील. कुस्ती पुस्तकात का शिकता येत नाही, हेच त्याचे उत्तर. लकवा झालेल्या माणसाची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते. तो आज कुशीवर वळतो, चार दिवसांनी बसतो, पुढे धरून उभा राहतो. हा क्रम एकाच रुग्णाच्या अंगावर रोज पाहिल्यावाचून हाताला कळत नाही. भाजलेल्या माणसाचा हात योग्य स्थितीत बांधून ठेवला नाही तर कातडी आखडून हात कायमचा वाकडा होतो. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या छातीतला कफ सोडविण्याचे काम सकाळी करावे लागते, तसे पुन्हा संध्याकाळीही. म्हणून शिकणाऱ्याने रुग्णालयाच्या जवळ राहिले पाहिजे. दोन तास एसटीने येऊन दोन तास परत जाणारा मुलगा हजेरी भरील, परंतु विद्या घेऊन जाणार नाही.

आणि येथेच बिऱ्हाडाचा प्रश्न उभा राहतो. घरमालकास अकरा महिन्यांचा भाडेकरू पाहिजे. दीड महिन्यासाठी कोण करार करील, कोण पोलिसांत कळवील, कोण नोंदणीची दगदग करील? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात असा करार लेखी करून नोंदविणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती टाळण्यासाठी तो एक तर ‘नाही’ म्हणतो, किंवा तोंडी बोलीवर खोली देऊन वाटेल तसा पैसा घेतो. मग तोंडी बोलीत अनामत बुडाली तर दाद कोठे मागावी?

थोडा हिशेब मांडू. समजा, खोलीचे भाडे महिना ४,००० रुपये आहे. दोन महिन्यांची अनामत ८,०००, दलालाचे एका महिन्याचे ४,०००, आणि राहणे दीड महिना असले तरी भाडे दोन महिन्यांचे, म्हणजे ८,०००. मुलाच्या हाती पहिल्या दिवशी २०,००० रुपयांची तजवीज पाहिजे. अनामत पुरती परत मिळाली तरी दीड महिन्याचा खर्च १२,००० झाला, म्हणजे महिन्याला ८,०००. जो वर्षभर राहतो त्यास महिना ४,००० आणि दलालीचा थोडा वाटा. जो दीडच महिना राहतो त्यास दुप्पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. शिवाय मूळ कॉलेजच्या गावची खोली सोडली तर परत मिळत नाही, म्हणून तिचेही भाडे चालूच. अंतर्वासितेत विद्यावेतन कोठे मिळते, कोठे मिळत नाही. मिळाले तरी ते महिना सरल्यावर हाती येते, आणि भाडे महिना लागण्याच्या आधी द्यावे लागते.

याचा परिणाम काय होतो? आपले मूल शिकण्याचे ठिकाण निवडताना ‘कोठे अधिक शिकावयास मिळेल’ हे पाहत नाही. ‘कोठे मावशी राहते’ हे पाहते. आमच्या शाळेतून गेलेली एका सुताराची हुशार मुलगी आहे. तिला एका मोठ्या शहरातील नामांकित रुग्णालयात मेंदूच्या विकारांच्या विभागात जाण्याची संधी होती. तेथे राहण्याची सोय लागेना. म्हणून ती मामाच्या गावच्या लहान दवाखान्यात गेली. तेथे दिवसभर कंबर व मान यांचे रुग्ण येत, लकव्याचा एखादा. तिच्याच वर्गातील ज्या मुलीच्या वडिलांचा त्या शहरात फ्लॅट होता, ती मोठ्या रुग्णालयात गेली. दोघींच्या हाती प्रमाणपत्र सारखेच आले, हात मात्र सारखे झाले नाहीत. उद्या नोकरीच्या मुलाखतीत हा फरक गुणवत्तेचा म्हणून मोजला जाईल. तो गुणवत्तेचा नसून एका खाटेचा आहे, हे तेथे कोण सांगणार?

‘पूर्वीची मुले माधुकरी मागून, वार लावून शिकली, आजच्या मुलांस सुख सोसवत नाही,’ असे काही वडीलधारी म्हणतात. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, वार लावून जेवण्यास वाराची घरे असावी लागतात. पुण्यास किंवा सातारला शिकण्यास आलेल्या ब्राह्मण मुलास सात वारांची सात घरे मिळत, कारण त्या समाजात तशी रूढ चाल होती, आणि गरीब मुले त्या आधारावर शिकून वर आली. ती चाल चांगलीच होती. परंतु कुणब्याच्या, साळ्याच्या, महाराच्या पोरास शहरात ते दार नव्हते. बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, ओसरी नव्हती म्हणून आपली मुले मागे राहिली.

हे वर्म छत्रपती शाहू महाराजांनी बरोबर ओळखले. शाळा काढून भागत नाही, शाळेपाशी निवारा पाहिजे, हे जाणून त्यांनी १९०१ साली कोल्हापुरास मराठा बोर्डिंग काढण्यास साहाय्य केले. त्याच साली जैन, १९०६ साली मुसलमान, १९०७ साली लिंगायत आणि १९०८ साली अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सातारला बोर्डिंग काढले व सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंक्तीस बसविली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे तर लहान मुलासही ठाऊक आहे. आज खेड्यापाड्यांतून जे मास्तर, वकील, अधिकारी दिसतात त्यांतील कित्येकांच्या मागे त्या बोर्डिंगची भाकरी आहे.

परंतु ही बोर्डिंगे वर्षभर एका गावी शिकणाऱ्या मुलासाठी होती. जूनमध्ये नाव घालावे व एप्रिलात वळकटी गुंडाळावी, असा त्या काळच्या शिक्षणाचा क्रम होता. आजच्या विद्येचा क्रम पालटला. वर्ग एका गावी, हातकाम दुसऱ्या गावी, आणि त्याचा पुढचा भाग तिसऱ्या गावी. क्रम पालटला, पण सोय पालटली नाही.

सरकारी योजनांचेही तेच. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत सुरुवातीस मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरी वर्षाला ६०,०००, त्याखालील शहरी ५१,००० व जिल्ह्याच्या इतर ठिकाणी ४३,००० रुपये ठरले. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे, अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या सर्व चांगल्या योजना आहेत आणि आपल्या लोकांनी त्यांचे अर्ज वेळेवर भरलेच पाहिजेत. पण त्या एका कॉलेजच्या गावी वर्षभर राहणाऱ्या मुलाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या आहेत. लहान गावच्या कॉलेजातील मुलगा दीड महिना मुंबईस गेला तर त्याचे भाडे मुंबईचे आणि भत्ता लहान गावचा. कराचा नियम पाहा. २०२४ साली महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासास जीएसटी माफ झाला, परंतु अट अशी की मुक्काम सलग निदान ९० दिवसांचा पाहिजे. दीड महिन्याचा शिकाऊ तेथेही दाराबाहेरच.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. या विद्येत मुलींचा भरणा मोठा आहे, आणि खोली मिळत नाही म्हणून मुलीची चांगली जागा सुटते तेव्हा घरी कोणास फारसे वाईट वाटत नाही. ‘बरे झाले, जवळ राहिली,’ म्हणतात. नातलगाकडे पाठवावे तर दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सहा माणसे. मुलगी पहाटे उठते तेव्हा घर जागे होते, रात्री वाचते तेव्हा दिवा मालवा म्हणतात, आणि आठ दिवसांनी धुणीभांडी तिच्याच वाट्याला येतात. ती शिकण्यास आली आहे की राबण्यास, हे तिलाच कळेनासे होते.

आणि एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. खोली विचारण्यास गेले की आधी आडनाव विचारतात, मग काय खाता ते विचारतात. मुसलमानाच्या व दलिताच्या पोरास ‘कालच गेली खोली’ हे उत्तर पाठ झाले आहे. हे फक्त परके लोक करतात असे नव्हे. आपल्यातही ज्याने शहरात दोन खोल्या बांधल्या तो हेच विचारू लागला आहे. आणि ज्या बोर्डिंगांच्या नावात एका जातीचे नाव आहे, तेथे उन्हाळ्यात खाटा रिकाम्या पडलेल्या असताना दुसऱ्या जातीच्या मुलास दीड महिना देण्यास कमिटी का कू करते. त्या काळी वेगवेगळी बोर्डिंगे काढावी लागली ती जो तो समाज पायावर उभा राहावा म्हणून. शंभर वर्षांनंतर त्याचे कुंपण करावे, असा त्यांचा हेतू खास नव्हता.

मग करावे काय? आम्ही चार गोष्टी सुचवितो. त्यांस मोठे भांडवल लागत नाही.

पहिली गोष्ट गावकीची. मुंबईत गिरण्या भरात होत्या तेव्हा घाटावरच्या व कोकणातल्या कित्येक गावांच्या खोल्या गिरणगावात होत्या. गावचा गडी मुंबईस उतरला की वळकटी घेऊन तेथे जाई. पाळीपाळीने निजत, खानावळीत जेवत. गोव्याच्या गावांनीही मुंबईत आपापले ‘कूड’ चालविले. जहाजावर जाणारा खलाशी बोट मिळेपर्यंत तेथे थोडक्या पैशात राही. म्हणजे चार दिवसांचा, दोन महिन्यांचा निवारा देण्याची विद्या आपल्या लोकांस ठाऊक आहे, ती कोणाकडून शिकावयाची नाही. आज प्रत्येक गावचे मंडळ मुंबई-पुण्यात आहे. ते सत्यनारायण घालते, क्रिकेटचे सामने भरविते, गावच्या देवळाच्या कळसास वर्गणी पाठविते. त्याच मंडळाने रुग्णालयाजवळ दोन खाटांची एक खोली धरली व शिकाऊ मुलांस दिवसाच्या हिशेबाने दिली, तर कळसाचे पुण्य कमी होणार नाही. एका गावास न झेपले तर पाच गावांनी मिळून धरावी. मुलींसाठी आपल्यातीलच भरवशाच्या कुटुंबांची यादी करावी.

दुसरी गोष्ट बोर्डिंगांची. प्रत्येक बोर्डिंगने निदान चार खाटा अल्पमुदतीच्या शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी राखाव्या. तीन महिन्यांच्या वर कोणास ठेवू नये, जात विचारू नये, कॉलेजचे पत्र पाहावे व भाडे आगाऊ घ्यावे. उन्हाळ्यात इतर मुले घरी जातात तेव्हा अंतर्वासितेच्या मुलांचे काम चालूच असते. तेव्हा दारास कुलूप न लावता त्यांस जागा द्यावी. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीस धर्मशाळा बांधल्या, तसाच मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठीही निवारा केला. रुग्णांच्या त्या जागेवर विद्यार्थ्यांनी हात टाकू नये. परंतु रुग्णालयाजवळ खाट असणे ही केवढी सेवा आहे, हे त्या निरक्षर साधूस कळले होते ते आम्हा साक्षरांस का कळू नये?

तिसरी गोष्ट कॉलेजांची व सरकारची. कोणत्या मुलास कोठे पाठविणार हे निदान महिनाभर आधी लेखी कळवावे. चार दिवस आधी कळविले तर ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच खोली मिळते. जेथे मूल पाठवितात तेथील निवासांची यादी कॉलेजच्या कचेरीत असावी, आणि दरसाल आलेल्या मुलांनी तीत भर घालावी. सरकारने भत्त्याचा हिशेब वर्षावर न ठेवता महिन्यावर व प्रत्यक्ष कामाच्या गावावर ठेवावा. रुग्णालयाचे हजेरीपत्रक हा त्यास पुरेसा दाखला आहे. २०२१ साली सहयोगी आरोग्यसेवांच्या व्यवसायांसाठी केंद्राने स्वतंत्र कायदा करून या विद्येस तीत जागा दिली. मान दिला हे ठीक झाले. आता मान मिळविणाऱ्यास मुक्काम कोठे, हेही त्या दप्तरात लिहिले जावे.

चौथी गोष्ट आपल्या मुलांची व आईबापांची. खोली डोळ्यांनी किंवा ओळखीच्या माणसाकरवी पाहिल्यावाचून मोबाइलवर पैसे पाठवू नयेत; फोटो दाखवून ‘टोकन’ घेणारे व नंतर फोन बंद करणारे ठक फार झाले आहेत. अनामतीची पावती घ्यावी. ज्याच्या घरी राहिलो त्याचे भाडे ठरल्या दिवशी द्यावे, जागा झाडून परत करावी; एकाच्या बेपर्वाईने पुढच्या दहांचे दार बंद होते. आणि घरमालकानेही ‘आमच्या आजोबांचा गुडघा रोज चोळून दे, भाडे कमी करतो’ असे म्हणू नये. मुलगा अजून शिकाऊ आहे, आणि विद्या काही भाड्यात वळती करण्याचा जिन्नस नव्हे.

यावर कोणी म्हणेल, फिजिओथेरपी शिकणारी पोरे आपल्या गावात किती, दोन की तीन? त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशास? परंतु नर्सिंगच्या मुलीस, प्रयोगशाळेच्या मुलास, आयटीआय करून कारखान्यात उमेदवारी करणाऱ्यास, अध्यापक विद्यालयातून सराव पाठांस जाणाऱ्यास हीच अडचण आहे. खाट एकदा धरली की ती यातल्या प्रत्येकास उपयोगी पडेल. आणि दोनच पोरे असली तरी त्यांच्यातील एक जरी हाताची तयारी करून तालुक्यास परत आली, तर पुढील तीस वर्षे भोवतालच्या पन्नास गावांतील लकव्याचे रुग्ण तिच्या हाताने उभे राहतील.

येत्या गावजत्रेस मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतील. वर्गणीचा विषय निघेल तेव्हा प्रत्येक वाचकाने एवढेच विचारावे की, आपल्या गावच्या शिकाऊ पोरासाठी शहरात एक खाट कोण देतो? पहिल्या वर्षी एक मिळाली तरी पुष्कळ झाले. कोल्हापुरातही सुरुवात एकाच दारापासून झाली होती.

— एक खेडवळ शिक्षक